खाडीतल्या रोहितांचा गुलाबी प्रिंटवर नारिंगी का मारतो?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. ठाणे खाडीतल्या रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) बारा फोटो १२ × १८ इंचांत छापून ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात लावायचे आहेत. आधी चाचणी म्हणून तीन छापून घेतले. पडद्यावर पिसांचा गुलाबी हवा तसा आहे, प्रिंटवर तोच नारिंगी मारतोय आणि फोटो एकूणच काळवंडलेले दिसतात. फोनवर उघडला तर भडक राणी. एकच फाइल, तीन रंग.

मांडणी अशी: निकॉन कॅमेरा, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल). लाइटरूम क्लासिक, मग फोटोशॉप. विंडोज ११ चा लॅपटॉप आणि त्याला एचडीएमआयने जोडलेला २७ इंची मॉनिटर, कॅलिब्रेशन (यंत्राने मोजून रंग-उजेड जुळवणं) केलेलं नाही. लॅब वाशीची, सिल्व्हर हॅलाइड कागद, लस्टर. फाइल जेपेग, कलर स्पेस (कोणता आकडा म्हणजे कोणता रंग हे ठरवणारी मोजपट्टी) अ‍ॅडोबी आरजीबी. सुरुवात कुठून करायची?

सीवूड्स_४८
अ‍ॅडोबी आरजीबी, तिथेच चूक. लॅबला एसआरजीबी (नेहमीची, लहान कलर स्पेस) द्या, विषय संपला.

नौपाडा_प्रिंट
इतक्यात नाही संपत हो. लॅबच्या सॉफ्टवेअरने फाइलमधला प्रोफाइल (कलर स्पेस कोणती ते सांगणारी नोंद) वाचलाच नाही, तर अ‍ॅडोबी आरजीबीचे आकडे एसआरजीबी समजून छापले जातात. पण त्याने रंग *फिके* पडतात. ताई सांगतायत नारिंगी आणि काळवंडलेले. ही तीन वेगळी लक्षणं आहेत, त्यांना एकच औषध नाही:

फिका, धुतल्यासारखा: फाइलची कलर स्पेस एक आणि मशीनने धरली दुसरी.
अंधारा: मॉनिटर फार उजळ. कॅलिब्रेट न केलेला मॉनिटर सहज २५०–३०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर (पडद्याच्या उजेडाचं माप) चालतो. प्रिंटसाठी काम करताना तो ८० ते १२० मध्ये हवा. २४० वरून १०० वर आलात तर सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक पडतो, म्हणजे तुमच्या "काळवंडलेल्या" प्रिंटचा बराचसा हिशेब इथेच लागतो.
एका बाजूला झुकलेला: करड्या रंगाचा समतोल ढळलाय. तो मॉनिटरवर ढळला, लॅबमध्ये ढळला की फोटोतच ढळलेला आहे, हे आधी शोधायचं.

तोवर फोटोला हात लावू नका. प्रिंट नारिंगी आली म्हणून फोटोत निळा ढकलला की एका चुकीवर दुसरी चूक चढते. मग लॅब बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सीवूड्स_४८
बरं, मान्य. पण रोहिताचा गुलाबी प्रिंटच्या गॅमटमध्ये (छापता येणाऱ्या रंगांच्या कक्षेत) बसतच नसेल तर? मग काहीही करा, जाणारच तो.

ग्रे_कार्ड
बसतो. गॅमटची अडचण गडद, संपृक्त रंगांना येते. मोठ्या रोहिताच्या पंखाखालचा तो किरमिजी लाल, झेंडूचा केशरी, पैठणीचा मोरपंखी, हे काठावरचे रंग. अंगावरच्या पिसांचा फिकट गुलाबी पांढऱ्याच्या इतका जवळ असतो की कुठल्याही फोटो कागदावर तो आरामात मावतो.

त्याचं दुखणं वेगळं आहे, आणि नेमकं त्याच्या फिकटपणामुळे. आकड्यांत बघा. फिकट गुलाबी समजा लाल २४४, हिरवा २१४, निळा २१४. कुठूनतरी निळा ६ ने घसरला: २४४, २१४, २०८. एचएसबीच्या (छटा, संपृक्तता, उजळपणा) चाकावर छटा ० वरून १० अंशांवर गेली, थेट नारिंगीच्या दिशेने. आता गडद लाल घ्या: २००, ४०, ६०. तोही निळा ६ ने कमी केला, २००, ४०, ५४. छटा सरकली जेमतेम सव्वादोन अंश, कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेवढीच चूक, पण पहिल्या ठिकाणी चौपटीहून जास्त दिसते.

म्हणून रोहित, गोरी त्वचा, मोतिया रंगाचा शालू, पहाटेचं धुकं या विषयांत करड्याचा समतोल सांभाळला की काम झालं. गॅमट वॉर्निंगचे ठिपके बघत बसायची गरज नाही.

नौपाडा_प्रिंट
+१. आता दोष कुठे आहे ते एका प्रिंटमध्ये कळेल. फोटोशॉपमध्ये नवीन फाइल करा, एसआरजीबी, ८ × १२ इंच, ३०० पीपीआय. वरच्या अर्ध्या भागात तुमचा फोटो एसआरजीबीत *कन्व्हर्ट* करून ठेवा. खालच्या अर्ध्यात सहा चौकोन, तिन्ही चॅनेल सारखे: ५२, ८५, १२२, १६०, २००, २४३. कलरचेकर या प्रमाणित रंगतक्त्याच्या करड्या ओळीचे आकडे जवळपास हेच आहेत. हे चौकोन आकडे टाइप करूनच भरा, डोळ्यांनी जुळवू नका.

जेपेग गुणवत्ता ११ किंवा १२, प्रोफाइल एम्बेड करा. लॅबला स्पष्ट सांगा: "करेक्शन नको." मिनिलॅबमध्ये ऑटो करेक्शन चालू असतं, आणि फोटोभर गुलाबी दिसला की मशीन त्याला चुकीची छटा समजून उलट्या बाजूला ढकलतं. पक्ष्यांच्या आणि हळदीच्या फोटोंची माती होते ती बऱ्याचदा इथेच.

प्रिंट आली की दिवसा खिडकीपाशी बघा, थेट उन्हात नको.
चौकोन करडे, फोटो नारिंगी → दोष तुमच्या मॉनिटरचा किंवा व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या जुळवणीचा).
चौकोनही नारिंगी → दोष लॅबचा.
चौकोन फक्त गडद भागात एका रंगाचे → लॅबचं केमिकल किंवा मशीनचं कॅलिब्रेशन. दुसऱ्या दिवशी पुन्हा छापून बघा.

वाचनमात्र
असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल यांत मी नेहमी गोंधळतो. कोणीतरी एकदाच सांगा.

ग्रे_कार्ड
कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात, दिसणं तेच राहतं. असाइनमध्ये आकडे तेच राहतात, दिसणं बदलतं. किलोचं पौंडात रूपांतर करणं म्हणजे कन्व्हर्ट. पिशवीवरचं "किलो" खोडून "पौंड" लिहिणं म्हणजे असाइन. असाइन फक्त एकाच वेळी वापरायचं: फाइलला प्रोफाइलच नाही आणि तो कोणता होता हे तुम्हाला ठाऊक आहे.

फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये तिन्ही ठिकाणी "प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स" ठेवा आणि विसंगती असल्यास विचारायची खूण चालू करा. तो डबा वैताग देतो, पण कामाचा आहे.

जाता जाता: निकॉनच्या जेपेगचं नाव अंडरस्कोअरने सुरू होत असेल तर कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर आहे. डीएससी आधी आणि अंडरस्कोअर नंतर असेल तर एसआरजीबी. रॉला या सेटिंगने फरक पडत नाही, तिथे कलर स्पेस एक्स्पोर्ट करताना ठरते.

खाडीकाठ
आली प्रिंट. चौकोन सहाही करडे, कुठेच झुकाव नाही. फोटो मात्र नारिंगी. म्हणजे माझ्याच घरचा दोष. मॉनिटरचा मेनू पहिल्यांदाच उघडला: मोड "कूल", ब्राइटनेस ९०. नाइट लाइट बंद आहे.

नौपाडा_प्रिंट
सापडला चोर. मॉनिटर निळा मारत असला की डोळ्यांना सगळं थंड वाटतं, मग आपण टेंपरेचरची (थंड-उबदार छटेची) पट्टी उजवीकडे सरकवतो. पडद्यावर बरं दिसतं, फाइलमध्ये मात्र पिवळा-नारिंगी जाऊन बसतो. लॅबने बिचारीने तुम्ही दिलं तेच छापलं.

आता कॅलिब्रेशन.

१. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. मोड "यूझर" किंवा "कस्टम". डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको, डोळे वाचवणारा मोड, शार्पनेस वाढवणारं काहीही असेल ते बंद. विंडोजमध्ये एचडीआर आणि नाइट लाइट बंद.

२. एचडीएमआय आहे म्हणून हे आधी तपासा: ग्राफिक्स कार्डच्या पॅनेलमध्ये आउटपुट "आरजीबी फुल", म्हणजे ० ते २५५. कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजून १६ ते २३५ पाठवतं. मग काळा राखाडी दिसतो आणि त्यावर केलेलं कॅलिब्रेशन फुकट.

३. कलरिमीटर (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) लागेलच, डोळ्यांनी जमत नाही. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइट, दोन्ही चालतात. एक्स-राइटचे कलरिमीटर २०२१ पासून कॅलिब्राइट या नावाने येतात. दोन-तीन जणांत मिळून घ्या किंवा भाड्याने आणा, महिन्यातून एकदाच लागतो.

४. लक्ष्य: व्हाइट पॉइंट डी६५ (दिवसाच्या उजेडाचा प्रमाणित पांढरा), गॅमा २.२ (मधल्या छटांची उजळता), उजेड १०० कॅन्डेला. मीटर लावून आधी मॉनिटरच्याच बटणांनी ब्राइटनेस आणि लाल-हिरवा-निळा जमेल तितका जुळवा. उरलेलं सॉफ्टवेअरवर सोडा. सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकलात तर ८ बिटमध्ये ग्रेडियंटला पट्टे पडतात.

५. बॅकलाइटचा प्रकार बरोबर निवडा: पांढरा एलईडी, वाइड गॅमट फॉस्फर की क्वांटम डॉट. चुकीचा निवडला तर मीटरच खोटं बोलतो आणि पांढऱ्यावर हिरवी किंवा गुलाबी झाक उरते.

६. शेवटी पडताळणी चालवा. सरासरी डेल्टा ई (हवा तो रंग आणि दिसतो तो यांतला फरक) २ च्या आत आणि करड्या पायऱ्यांत कुठेही ३ च्या वर नको.

ग्रे_कार्ड
पुस्ती जोडतो. फुकटचं सॉफ्टवेअर हवं तर आर्गिल सीएमएस आणि त्यावरचं डिस्प्लेकॅल. डिस्प्लेकॅलची मूळ आवृत्ती थांबलीय, पायथन ३ वरची नवी शाखा चालते.

विंडोजची खोड: कॅलिब्रेशनचे कर्व्ह ग्राफिक्स कार्डात भरलेले असतात आणि स्लीपमधून उठताना किंवा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर ते कधीकधी उडतात. प्रोफाइल यादीत दिसतो, पण पडदा पुन्हा निळा. उपाय म्हणजे लोडर (ते कर्व्ह पुन्हा भरणारा छोटा प्रोग्रॅम) चालू ठेवणं. खात्री करायची तर लोडर बंद-चालू करा. पडद्याची छटा क्षणात बदलली पाहिजे.

आणि लॅपटॉपच्या पडद्यावर रंग ठरवू नका. स्पेसमध्ये "४५ टक्के एनटीएससी" (जुन्या टीव्ही मानकाच्या रंगकक्षेच्या तुलनेत) लिहिलं असेल तर तो पडदा एसआरजीबीचा साधारण दोन तृतीयांशच भाग दाखवतो, आणि सगळ्यात कमजोर असतो तो लाल. लाल तिथे विटकरी दिसतो. कॅलिब्रेशनने करडा सुधारेल. जो लाल पॅनेलमध्येच नाही तो कुठून आणणार?

वाचनमात्र
कलरिमीटर आणेपर्यंत काही जुगाड?

सीवूड्स_४८
मोड "एसआरजीबी" असेल तर तो लावा, नसेल तर "वॉर्म" किंवा "६५००". मग फोटोशॉपमध्ये पांढरं पान उघडा, शेजारी कोरा फोटो कागद धरा, प्रिंट ज्या उजेडात बघणार त्याच उजेडात. कागद आणि पान सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. बऱ्याच मॉनिटरवर २० ते ३० च्या आसपास येतं. उजेडापुरतं हे चालतं, रंगासाठी नाही.

खाडीकाठ
मीटर मिळाला, कॅलिब्रेशन झालं. आता सगळे फोटो खरोखरच नारिंगी दिसतायत, हसावं की रडावं. व्हाइट बॅलन्स नव्याने करायचाय. ड्रॉपर पक्ष्याच्या पांढऱ्या पिसावर मारला तर फोटो हिरवट होतो. का?

ग्रे_कार्ड
कारण ते पीस पांढरं नाहीच. ड्रॉपरला सांगितलंत की हे तटस्थ आहे. त्याने त्यातला गुलाबी पुसून टाकला, म्हणजे सगळ्या फोटोत हिरवट-निळा ओतला. रोहितावर ड्रॉपर कधीच मारायचा नाही. चौकटीत शेजारी बगळा असेल तर त्याचं पांढरं चालेल, पण त्याच उन्हात आणि २५० च्या खालचं, जळलेलं नको. कुरवाच्या (सीगलच्या) पाठीचा राखाडीही बऱ्यापैकी तटस्थ असतो. चिखल नको, तो पिवळट तपकिरी असतो.

खरा मार्ग म्हणजे होडीत बसल्यावर त्याच उजेडात करड्या कार्डाचा एक फोटो आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा एक. कोरा प्रिंटरचा कागद कार्ड म्हणून वापरू नका. त्यात ऑप्टिकल ब्राइटनर असतं, ते उन्हातली अतिनील किरणं पिऊन निळा परत फेकतं. त्यावर बॅलन्स केला की फोटो पिवळा. म्हणजे पुन्हा नारिंगी रोहित!

मात्र सकाळी साडेसहाच्या उन्हात पक्षी खरोखरच सोनेरी असतो. कार्डाने पूर्ण तटस्थ केलंत तर सकाळ निघून जाते. कार्डाचा आकडा सुरुवातीचा मुक्काम समजा आणि तिथून ३००–५०० केल्विन उबदार जा. हे तुमचं तुम्ही ठरवायचं, यंत्राने नाही.

पंखांचा किरमिजी सपाट, तपशील नसलेला दिसत असेल तर हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) लाल चॅनेल वेगळा बघा. एकूण हिस्टोग्राम ठीक असतो आणि लाल एकटा उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. पुढच्या वेळी पाऊण स्टॉप कमी एक्स्पोज करा.

खाडीकाठ
समजलं. आणि फोनवर भडक का?

सीवूड्स_४८
फोनचा डिस्प्ले "व्हिव्हिड"वर असणार. "नॅचरल" करा. मित्रमंडळींना व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायचं तर एसआरजीबीत कन्व्हर्ट करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. समोरच्याचा फोन व्हिव्हिडवर असेल तर ते आपल्या हातात नाही, सोडून द्या.

संगणकावर वाइड गॅमट मॉनिटर असलेल्यांना हाच त्रास ब्राउझरमध्ये होतो. फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिगला जाऊन कलर मॅनेजमेंट मोड २ चा १ करा, म्हणजे प्रोफाइल नसलेली चित्रंही एसआरजीबी धरली जातात.

नौपाडा_प्रिंट
आता सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल ते आधीच पडद्यावर बघणं. लॅबकडे त्या मशीनचा आणि *त्या कागदाचा* आयसीसी प्रोफाइल मागा. लस्टरचा प्रोफाइल मेटॅलिकला चालत नाही. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये एस दाबा, प्रोफाइल निवडा, इंटेंट (न मावणारे रंग बसवायची पद्धत) रिलेटिव्ह आणि पर्सेप्च्युअल दोन्ही लावून बघा. फिकट रंगांच्या फोटोंना सहसा रिलेटिव्ह बरा पडतो. पर्सेप्च्युअल आत मावणारे रंगही थोडे आकसून घेतो. "सिम्युलेट पेपर अँड इंक" लावल्यावर चित्र एकदम मेल्यासारखं होतं, घाबरू नका. लावताना क्षणभर नजर दुसरीकडे वळवा आणि पडद्यावर दुसरं काहीही शुभ्र पांढरं उघडं ठेवू नका.

हा प्रोफाइल फक्त बघण्यासाठी. लॅबने स्वतःहून मागितल्याशिवाय फाइल त्यात कन्व्हर्ट करू नका. द्यायची ती एसआरजीबीच. लॅब प्रोफाइल द्यायला तयार नसेल तर चौकोनांची चाचणी प्रिंट हाच तुमचा प्रूफ.

वाचनमात्र
घरी एप्सनचा सहा रंगांचा इंकटँक आहे, एल८०५०. त्यावर प्रिंट जांभळट येते. हाच उपाय का?

नौपाडा_प्रिंट
नाही, तुमचा आजार वेगळा: दुहेरी कलर मॅनेजमेंट. फोटोशॉपने एकदा प्रोफाइल लावला, ड्रायव्हरने त्यावर स्वतःचा लावला. प्रिंट डायलॉगमध्ये "फोटोशॉप मॅनेजेस कलर्स", कागदाचा प्रोफाइल, रिलेटिव्ह, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. मग प्रिंट सेटिंग्जमध्ये जाऊन कलर करेक्शन कस्टम आणि आत "नो कलर अ‍ॅडजस्टमेंट". कॅननमध्ये कलर मॅचिंग "नन". मीडिया टाइपही प्रोफाइलसोबत सांगितलेलाच निवडा, त्यावर शाईचं प्रमाण ठरतं.

आधी नोझल चेक. एक रंग अर्धवट येत असेल तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ. आणि बाटलीत दुसऱ्या कंपनीची शाई भरली असेल तर एप्सनचा प्रोफाइल लागू नाही, त्या शाई-कागदाच्या जोडीचा वेगळा बनवावा लागतो: चौकोनांचा तक्ता अ‍ॅडोबी कलर प्रिंटर युटिलिटीतून कलर मॅनेजमेंटशिवाय छापायचा, २४ तास वाळू द्यायचा, स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचा. मॉनिटरचा कलरिमीटर कागद मोजत नाही. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस धरा आणि उरलेला कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलसकट ठेवा. दमट कागदावर शाई पसरते आणि गडद भाग चिखल होतात.

तुर्भे_ऑफसेट
धाग्यात उशिरा आलो. याच फोटोंचं कॅलेंडर करणार असाल तर दोन गोष्टी. फोटोशॉपचा आपोआप येणारा अमेरिकन स्वॉप प्रोफाइल लावून सीएमवायके (छपाईच्या चार शायांत रूपांतर) करू नका. प्रेसला विचारा, आर्ट पेपरला बरेच जण फोग्रा३९ किंवा फोग्रा५१ हे छपाईचे प्रोफाइल सांगतात. एकूण शाई (चारही शायांची बेरीज) ३०० टक्क्यांच्या आत ठेवा.

दुसरं, शीटच्या कटिंगमध्ये जाणाऱ्या कडेला दोन चौकोन टाका: एक फक्त काळा ५० टक्के, शेजारी सायन ५०, मॅजेंटा ४०, यलो ४०. दोन्ही सारखे करडे दिसले पाहिजेत. दुसरा तांबूस मारत असेल तर मशीनवर मॅजेंटा-यलो जास्त चाललाय. ऑपरेटरला "गुलाबी बरोबर नाही" सांगून उपयोग नसतो. तो चौकोन दाखवला की तो लगेच शाईच्या चाव्या फिरवतो. तारखांचा मजकूर नुसता काळा १०० टक्के ठेवा, नाहीतर रजिस्टर (शायांची एकमेकांवरची जुळणी) किंचित हललं की अक्षरांना रंगीत कडा.

खाडीकाठ
दुसरी चाचणी आली. खिडकीपाशी गुलाबी जवळपास पडद्यासारखाच. क्लबहाउसात नेऊन धरला तर पुन्हा निस्तेज. तिथे साधे एलईडी बॅटन आहेत, ६५००.

ग्रे_कार्ड
तो आता दिव्याचा दोष. साध्या बॅटनचा सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा १०० पैकी आकडा) ८० च्या आसपास आणि लाल दाखवण्यात तो सगळ्यात कच्चा. खोक्यावर आर९ चा (गडद लालासाठीचा) आकडा असेल तर तो बघा; ५० च्या वर हवा, सीआरआय ९० च्या वर. रंग ४००० केल्विन. प्रिंटवर साधारण ५०० लक्स पडला पाहिजे, आयएसओ ३६६४ या मानकात प्रिंटच्या नेहमीच्या पाहणीसाठी हाच आकडा आहे. ट्रॅक लाइट वरून ३० अंशांत लावा म्हणजे काचेवर चमक येत नाही.

तुर्भे_ऑफसेट
काचेचंही बघा. साधी ४ एमएम काच हिरवट मारते, तिच्यातल्या लोहामुळे. कडेने बघा, कळेल. फिकट गुलाबीवर हिरवा पडदा म्हणजे पुन्हा तेच. २ एमएम घ्या किंवा लो-आयर्न. अ‍ॅक्रिलिक रंगाला चांगलं, पण धूळ ओढतं आणि ओरखडे पडतात. प्रिंट काचेला चिकटू नये म्हणून मधे माउंट बोर्ड, अ‍ॅसिड-फ्री. खाडीकडच्या भिंतीला ओल असेल तर फ्रेमच्या मागे कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या.

खाडीकाठ
२ एमएम आणि माउंट बोर्ड सांगितलं. दिव्यांचं सेक्रेटरींच्या गळी उतरवायचंय, बॅटन मागच्याच वर्षी लावलेत.

सीवूड्स_४८
एक ट्रॅक आणि चार दिवे आणून दोन फोटोंवर लावा, उरलेले दहा बॅटनखाली ठेवा. सेक्रेटरींना बोलवा आणि काही बोलू नका.